टाचेला उत्तर

१

सोमवारची न्याहारी झाली की मी फौजेतले काळे बूट बाहेर काढतो, पालीश मारतो, नाड्या आवळतो आणि वरच्या रानाकडं निघतो. बनुबाई, म्हणजे आमची मंडळी, दर वेळी दारात उभी राहून हसते. "आवं, भूकंपाच्या खोलीत परेड घ्यायची हाय का?" म्हणते. हसू दे. सुभेदार म्हणून रिटायर झालेल्या माणसाला आठवड्यातनं एकदा बूट घालायला मिळतात, तेवढीच काय ती चैन.

कडेगावातनं बाहेर पडून जरा आत आलं की आमचा ऊस संपतो आणि उघडा कातळ लागतो. त्या कातळावर सिमेंटची ही खोली आहे. तिला खिडकी नाही. आतनं चारी भिंतींना थर्माकोल, लोखंडी दार, बाहेरनं कडी. मधोमध कातळातनं वर आणलेला एक बुटका खांब आहे आणि खांबाच्या चारी बाजूंनी फरशीत बोटभर फट सोडली आहे, म्हणजे फरशीचा धक्का खांबाला लागू नये. खांबावर स्टीलच्या डब्याएवढं यंत्र. तिकडं कोयनेच्या खोऱ्यात जमीन नुसती शहारली तरी इकडं ह्याला कळतं. रान माझं म्हणून किल्ली माझ्याकडं, आणि देखभालही माझीच. सोलरच्या काचेवरची धूळ पुसायची, बॅटरी बघायची आणि शेवटी चाचणी घ्यायची.

चाचणी म्हणजे खांबाजवळ पाय आपटायचा. स्क्रीनवर रेघ उडाली की समजायचं यंत्र जिवंत आहे. शहरातल्या ऑफिसात प्रियदर्शनी मॅडम आहेत, त्यांच्याकडं आमची रेघ जाते. त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "काका, हलकीशी उडी मारली तरी चालेल." उडी? मी काय माकड आहे? मी सावधानला मारतात तशी टाच मारली. एक, दोन, तीन. उजवा गुडघा बर्फात धरलेला, त्यामुळं तिसरी टाच जरा घसटत पडते. पण दणका असा बसला, की मॅडम फोनवर खो खो हसल्या. तेव्हापासनं तीच पद्धत.

तर त्या सोमवारी मी तीन टाचा मारल्या. तीन उभ्या रेघा उठल्या. फोन लावायला वळलो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातनं दिसलं, की स्क्रीनवर परत काहीतरी हललं. तीन रेघा होत्या, बारक्या. आणि मी तर जागचा हललोही नव्हतो.

२

"काका, परत एकदा मारा बरं," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही तिकडं दिसलं होतं.

मी मारल्या आणि श्वास धरून उभा राहिलो. बराच वेळ रेघ सरळ चालली. मग आल्या. तीन.

मॅडमना समजावून सांगायची हौस आहे, आणि मलाही ऐकायला आवडतं. त्या म्हणाल्या, "जमिनीत कुठंही खडक तुटला, सरकला, की दोन लाटा निघतात. पहिली पळणारी, ती खडकाला ढकलत येते. दुसरी मागनं येते, आडवी हलवत. वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो ना, तसं. दोघींच्या मधलं अंतर जेवढं जास्त, तेवढी ती जागा लांब. एका सेकंदाला साधारण आठ किलोमीटर धरा."

"मग आपला हा पाव्हणा किती लांब हाय?"

"चार सेकंद दिसतायत. म्हणजे तीसेक किलोमीटर."

मी हिशेब केला. तीस किलोमीटर म्हणजे मलकापूर. मलकापुरात कोण बसलंय माझ्या टाचेला टाच द्यायला? मी हसलो. मॅडम नाही हसल्या. "तसं खरंच असतं तर बाकीच्या स्टेशनांवरही दिसलं असतं. कुठंच काही नाहीये. तुमच्या खोलीजवळ कोणीतरी ठोकाठोकी करतंय काका. तेवढं बंद करा, नाहीतर तुमच्या स्टेशनची नोंद आम्हाला वापरता येणार नाही."

ठोकाठोकी म्हटल्यावर जाफर. दुसरं कोण असणार?

आता खरं सांगतो. हाकेच्या अंतरावरचा घण आणि तीस किलोमीटरचं अंतर, हे जुळत नाही, हे मला तिथल्या तिथं कळलं होतं. पण स्टेशन बंद पडलं तर माझे सोमवारचे बूट गेले. आणि जाफरला दटावणं सोपं होतं.

३

जाफर शिकलगार माझ्यापेक्षा दोन-तीन पावसाळ्यांनी लहान. आम्ही एकाच विहिरीत पोहायला शिकलो, तेही एकमेकांच्या नरड्याला मिठ्या मारून. त्याची भट्टी माझ्या बांधाला लागून, रस्त्याच्या कडेला. जागा आमची, माझ्या बापानं त्याच्या बापाला तोंडी दिलेली. बाभळीचा बुंधा जमिनीत गाडून त्यावर ऐरण बसवली होती, ती त्याच्या बापाच्या हातची. ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे तापवून जाफर कोयते करायचा. ऊसतोडीच्या टोळ्या लांबलांबनं येऊन त्याच्याकडनंच कोयते न्यायच्या.

मी गेलो तेव्हा टोळीची पाच-सहा माणसं भट्टीभोवती बसली होती. जाफर मला बघून खूश झाला. "या सुभेदार! बसा. च्या सांगू?"

"च्या राहू दे. तुझी ही ठोकाठोकी बंद कर. सरकारी यंत्र बिघडायला लागलंय."

"आता? आवं, हंगाम तोंडावर हाय. सोमवारी सकाळी तुमी खोलीत असताना मी घणाला हात लावत न्हाई, मग तर झालं?"

म्हणणं रास्त होतं. मी हो म्हणायला पाहिजे होतं. पण माणसं बघत होती, माझ्या पायात बूट होते, आणि मला वाटलं हा माझ्याशी घासाघीस करतोय. मी ओरडलो, "तुमा लोकांना एकदा सांगून कळत न्हाई का?"

तुमा लोकांना. सत्तरीला आलो आम्ही दोघं, पण असा शब्द आमच्यात कधी नव्हता. जाफरनं वर बघितलं. हातातला चिमटा खाली ठेवला आणि ब्लोअर बंद केला. टोळीतला एकजण उगाच खोकला.

"कळलं, सुभेदार," जाफर म्हणाला.

पुढच्या सोमवारी तो भट्टीवर आलाच नाही. मी टाचा मारल्या. उत्तर आलं. दोन लाटांमधलं अंतर आता चार सेकंद नव्हतं, तीन होतं. मी मॅडमना सांगितलं, तो माणूस अजून ऐकत नाही. मग जाफरला निरोप धाडला, की जागा मोकळी कर.

त्यानं केली. बुंधा उपटताना त्याच्या मेव्हण्याचा, मतीनचा ट्रॅक्टर लावावा लागला, इतका तो खोल गेला होता. जाफर उघड्या खड्ड्याजवळ उभा राहिला, पायानं माती आत लोटली आणि ट्रॉलीत ऐरणीशेजारी बसून कडेगावच्या बाजारात मतीनच्या दुकानामागं गेला. मी घराच्या माडीवरनं बघत होतो. खाली उतरलो नाही.

४

भट्टी गेली. आसपास घण राहिला नाही, मोटार राहिली नाही, माणूस राहिलं नाही. सोमवारी मी खोलीत गेलो, दार ओढून घेतलं आणि तीन टाचा मारल्या.

उत्तर लवकर आलं. अंतर दोन सेकंद.

मी खुळ्यागत उभा राहिलो. मग म्हटलं, बघू तरी. एकच टाच मारली, तर एकच आली. दोन मारल्या, दोन आल्या. डोक्यात नाना कारणं आणली. वायर सैल असेल. बॅटरी उतरली असेल. माझाच दणका खाली कुठल्या तरी थरावर आपटून परत येत असेल, डोंगरात हाक परत येते तसा. हे शेवटचं मला फार पटलं. पण डोंगरातली हाक दर आठवड्याला आणखी जवळनं येत नाही.

तेवढ्यात मला तिसऱ्या रेघेचं ध्यान आलं. पहिल्या दोन सुईसारख्या उभ्या. तिसरी मात्र पायाशी पसरट, घसटलेली. मी माझ्या मूळच्या तीन रेघा बघितल्या. तिथंही तिसरी तशीच. जे काय खाली होतं, ते माझ्यासारखाच धरलेला गुडघा घेऊन पाय आपटत होतं.

घरी आलो. बनुबाईनं माझं तोंड बघितलं. जाफर गेल्यापासनं ती माझ्याशी कामापुरतीच बोलत होती.

"अजून वाजतंय न्हवं?" तिनं विचारलं.

"काय?"

"आवं, काय म्हणून काय इचारताय? त्या गरिबाचा घण नसतानाबी वाजतंय न्हवं ते?"

मी बुटाच्या नाड्या सोडायला बसलो.

"मग जावा की आन् सांगा त्याला. चुकलं म्हणा. एवढा मोठा सुभेदार झाला, एक शब्द बाहेर पडंना व्हय?"

नाही पडला. मी कडेगावला दोन वेळा गेलो. मतीनच्या दुकानासमोर उभा राहून उगाच ऊस वाहणारे ट्रॅक्टर बघितले. आतनं घणाचा आवाज येत होता, आणि मला इतकी लाज वाटत होती की माझे कान तापले. परत फिरलो. सुभेदारानं शिकलगाराची माफी मागायची, हे मनात कुठंतरी अडकून बसलं होतं, आणि ते तिथं आहे हे कळल्याचीसुद्धा लाज वाटत होती.

५

मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"काका, तुमची सगळी जुनी नोंद मी काढून बघितली. यंत्र तीन बाजूंनी हलणं टिपतं. उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आणि वर-खाली. पहिली लाट ज्या दिशेनं येते, त्या दिशेनं ढकलते. तुमच्या त्या बारक्या रेघांत पहिली लाट ना उत्तरेला ढकलतीय ना पूर्वेला. फक्त वर."

"म्हणजे मलकापूरकडनं न्हाई?"

"कुठल्याच गावाकडनं नाही. सरळ तुमच्या पायाखालनं."

म्हणजे ते तीस किलोमीटर आडवं नव्हतं, खोल होतं. आमचा काळा कातळ, त्याखालचा जुना खडक, त्यातल्या भेगा, जिथं दोन्ही कडा एकमेकींत अडकून ताणलेल्या असतात म्हणून मॅडम सांगायच्या, त्या सगळ्याच्याही खालनं काहीतरी माझ्या टाचेच्या आवाजावर वर येत होतं. दर सोमवारी मीच हाक मारत होतो.

तिकडं मॅडमनी काहीतरी टाईप केलं. मग म्हणाल्या, "यंत्रच बिघडलंय काका. दुसरं काही असूच शकत नाही. बदलायला माणूस पाठवते. तोपर्यंत चाचणी घेऊ नका."

यंत्र बदललं की ह्या रेघा जाणार, आणि जाफरची काही चूक नव्हती ह्याचा पुरावाही जाणार, हे माझ्या ध्यानात आलं. मी एक नामी शक्कल काढली. तोंडानं माफी मागायला जीभ वळत नाही ना? मग जाफरला खोलीत आणायचं. दाखवायचं. घण नसताना रेघा येतात, हे तो डोळ्यांनी बघेल, काय ते समजेल, आणि मला एक शब्द बोलावा लागणार नाही.

आता ह्याला काय म्हणावं? माफी मागायला लागू नये म्हणून मी त्याला तिथं नेलं.

६

मतीनच्या दुकानात जाऊन मी नुसतं 'चल' म्हणालो, आणि जाफर आला. मोटरसायकलवरनं माझ्या मागं बसून, काही न विचारता. आपल्या जुन्या जागेवरनं जाताना त्यानं मान फिरवली नाही. दुपारचं ऊन कातळावर नुसतं भाजत होतं. त्यानं दाराबाहेर चपला काढल्या.

"बूट असू दे माझं, मला टाच मारायची हाय," मी म्हणालो. माझाच आवाज मला चमत्कारिक लागला.

उजेड आत येऊ नये, स्क्रीन नीट दिसावी म्हणून दार ओढून घेतलं. आत थर्माकोलमुळं बोललेलं भिंतीतच मुरतं. जाफर खांबाच्या पलीकडं उभा राहिला.

"बघ हां," मी म्हणालो. "ह्या माझ्या."

एक. दोन. तिसरी घसटत.

पुढची रेघ मला दिसलीच नाही. ती पायाला लागली. बुटाच्या तळव्याला खालनं कोणीतरी टाच लावली, अगदी माझ्या टाचेखाली, टाचेला टाच. एक. दोन. आणि तिसरी घसटत गेली. खांबाभोवतीच्या फटीतनं गार वारा वर आला. स्क्रीन विझली.

"सुभेदार, हे काय हाय?" अंधारात जाफरचा आवाज.

गावात भूकंपाचं प्रात्यक्षिक मीच घेतो. बायकांना, म्हाताऱ्यांना मीच सांगतो, घाबरू नका, एकमेकांचा हात धरा, कुणाला मागं सोडू नका. आणि मी काय केलं? मी दार ढकललं, बाहेर उडी मारली आणि दार लावून वरनं कडी घातली. माझ्या हातानं. कडी घालताना जाफर आत आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

"सुभेदार!" त्यानं आतनं दार वाजवलं. "आवं, दार उघडा की!"

माझा हात कडीवरच होता. हलला नाही. मग दार वाजायचं थांबलं.

मग आत बोलणं सुरू झालं. जाफर नव्हता बोलत. दुसरं कोणीतरी हळू, सलग, लांबण लावल्यासारखं बोलत होतं. शब्द कळत नव्हते. मधेच ते बोलणारं खाकरलं, दोनदा, मान खाली घालून खाकरतात तसं. असा मी खाकरतो. जाफर काहीतरी म्हणाला. मग हुंदका आला, तो त्याचाच होता. मी उन्हात उभा होतो आणि माझे दात वाजत होते.

७

कडी काढायला मला किती वेळ लागला, माहीत नाही. दार उघडलं तर जाफर एकटाच खांबाजवळ उभा होता. त्यानं उपरण्यानं डोळे पुसले, उजेडात आला, आणि मला बघून थबकला.

"तुमी बाहेर कवा आला?"

 मी त्याच्या मागं बघितलं. फरशी, खांब, यंत्र. बाकी काही नाही.

"असू दे," जाफर म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता मनात ठेवू नका. एवढं तुमी बोलला, मला पोचलं. पाय कशाला धराय पायजे व्हते? मी माफ केलं, सुभेदार. देवाशपथ केलं."

मी त्याला सांगायला तोंड उघडलं. जाफर, मी बाहेर होतो. मी कडी घातली. आत मी नव्हतो. हे तीन शब्दांचं काम होतं. पण त्याचा चेहरा किती दिवसांनी मोकळा झाला होता, आणि तो माझ्याकडं मी चांगला माणूस असल्यासारखा बघत होता.

"व्हय," मी म्हणालो. एवढंच.

८

जाफरची भट्टी परत आमच्या बांधाला आली. बुंधा नवा गाडला, ऐरण जुनीच. माझ्या माफीची गोष्ट त्यानंच गावभर सांगितली. लोक मला रस्त्यात थांबवून हात जोडतात. बनुबाई परत पहिल्यासारखी बोलायला लागली, इतकंच नव्हे, एक दिवस ताटात गरम भाकरी वाढताना म्हणाली, "मला वाटलं न्हवतं तुमाला जमंल." मी भाकरीकडं बघत बसलो.

माणूस आला, यंत्र बदलून गेला. आता टाच मारली की फक्त माझ्याच तीन रेघा येतात. मॅडम खूश आहेत. खाली काही राहिलेलं नाही. मी मात्र टाच मारून झाल्यावर बराच वेळ स्क्रीनपुढं थांबतो. ते परत खालीच असावं, असं मला वाटत राहतं.

परवा भट्टीवरनं चाललो होतो. जाफरनं हाक मारली.

"सुभेदार, रागावू नका, पण एक सांगू का? आता रोज नका येत जाऊ. एकदा माफ केलं म्हंजी केलं. काल बी दुपारभर बसला, परवा बी. तोंडातनं शब्द न्हाई. आमच्या मंडळींनं, परवीननं च्या दिला तर तसाच ठेवला. आन् हात केवढा गार पडलाय तुमचा! डाक्टरला दाखवा."

काल दुपारभर मी लोणंदला होतो, पाहुण्यांकडं. परवा उसाला पाणी पाजत होतो.

 सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. की मी कधीच माफी मागितली नाही. की मी त्याला आत कोंडलं होतं. गाव ऐकणार, बनुबाई ऐकणार. घशाशी आलं होतं. अगदी इथपर्यंत.

"आन् उद्याचं ध्यानात हाय न्हवं?" जाफर हसून म्हणाला. "आमची लेक अर्फा येतीया सासरहून, तान्ह्याला घिऊन. जेवायला या म्हणलं तर काल लगेच मान हलवली तुमी. लेकरू बघायचंय म्हणून खूण बी केली. मी परवीनला सांगून ठेवलंय. येताय न्हवं?"

भट्टीशेजारच्या खाटेवर गोधडी दबलेली होती. कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी.

"येतो की," मी म्हणालो.

जाफर खूश झाला. त्यानं पाटा भट्टीत सारला, ब्लोअर चालू केला, आणि मी घरी आलो.